रिटचिंग

तबिथाआत्याची वही माझ्याकडे आली
डाळीच्या रिकाम्या डब्यातून, रबर लावून.
पाळकबाई म्हणाल्या, नीट उतरवून द्या,
मंडळीच्या स्मरणिकेत दोन पानं घालू.

शिसपेन्सिलीचं अक्षर, बारीक, टोकदार,
जशी ती निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची
पापाच्या तिकटीजवळ, पोवारांच्या स्टुडिओत
एकतीस वर्षं,
तिरक्या काचेमागे बल्ब लावून.
सुरकुत्या भरायची. देवीचे वण भरायची.
वडणग्याच्या नवरीचा गाल,
सराफाच्या डोळ्याखालची रात्र,
गेलेल्या माणसाचं
ग्रुपफोटोतून कापून मोठं केलेलं तोंड.
मला एकदा दाखवलं होतं तिनं:
इथं काळं केलं की तिथं उजळतं बघ.
मी नऊ वर्षांचा.
मला ते फसवणुकीसारखं वाटलं होतं.

वहीत पानोपान एकच शब्द. मुख.
मुख दाखव, मुख वळवू नकोस,
स्तोत्रांइतकी जुनी मागणी.
पण डोळे कसे, नाक कसं, दाढी आहे की नाही,
एक ओळ नाही.
अर्ध्या कोल्हापूरचे चेहरे जिनं भिंगाखाली घेतले
तिला एवढं सुचू नये?
आमच्या चर्चची भिंतही तशीच पांढरी,
एक घड्याळ,
आणि गीतांचे आकडे लिहायची पाटी.

नोव्हेंबरातली एक नोंद. किरणोत्सव.
दुकान लवकर बंद, पोवार देवळात गेलेले.
परतल्यावर तिनं विचारलं असणार,
कारण उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवलंय:
"न्हाई वो बाई, आज कमरंपातूरच.
ढग आडवं आलं."
खाली तिचं:
माझ्यावर कुठवर आलास?
गुडघ्यापर्यंत धर.
त्याच्या वर माझीच बांधकामं आहेत.

पुढं कुठंतरी एक पैलवान,
गंगावेशीतला की आणखी कुठला, खोडलंय.
मिटलेल्या करंजीसारखे कान.
पावती फाडताना म्हणाला,
"त्वांडाचं काय करायचं ते करा,
कान तेवढं ऱ्हाऊ द्या. मिळवल्यात."
त्या रात्रीची प्रार्थना वहीत सर्वांत आखूड:
थोमाला तू वण दाखवलेस,
भरून घेतले नाहीस.
भेटशील तेव्हा मला काम सांगू नकोस.

हे पाळकबाईंना चालेल का, ठाऊक नाही.
त्या म्हणाल्या होत्या, काही बोधपर असेल ते बघा.
मी टाइप करायला बसलो.
ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.
पोवारांचं वाक्य गाळलं, मंडळीत कोण काय म्हणेल.
"बांधकामं" खोडून "पापं" केलं.
परिच्छेद छान गुळगुळीत दिसायला लागला,
लग्नाच्या अल्बममधल्या गालासारखा.
मग पेन खाली ठेवलं.
जरा वेळानं सगळं परत जसंच्या तसं,
ढगासकट.

आत्याचा स्वतःचा फोटो एकच,
मोबाइलवर कुणीतरी काढलेला, सीपीआरच्या वॉर्डात.
डावी पापणी उतरलेली, ओठ सुकलेले.
तोच मोठा करून शवपेटीपाशी ठेवला होता.
कुणी हात लावलेला नव्हता त्याला.
तेव्हा मला लाज वाटली होती.

वहीची शेवटची पानं पुसट.
सरळ धरली तर कोरीच.
खिडकीकडे तिरकी धरली की शिसं चमकतं,
एखादा काना, एखादी मात्रा,
मग "मु", मग बराच वेळ काही नाही.
मी तसाच बसलोय, वही कलती धरून.
बायको आतून विचारते,
मान अवघडली का?